कूस डावी की उजवी

त्या वर्षी बागवाल्याने प्लॅस्टिकचे क्रेट आणले आणि आबांच्या चाळीस टोपल्या शेडमध्येच राहिल्या.

त्याने आधी सांगायला हवं होतं, पण मोठ्या माणसांना लहान माणसांचं काही आधी सांगायची सवय नसते. फळं उतरवायला आठ दिवस उरले तेव्हा टोपल्या कधी पाठवायच्या हे विचारायला सून बागेवर गेली. बागवाला फाटकातूनच म्हणाला, "अगं, यंदा नकोत. क्रेट घेतलेत. एकावर एक बसतात, धुता येतात." आणि ती वळली तेव्हा मागून म्हणाला, "आबांना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटून घ्यायचं की नाही, हेसुद्धा त्यानेच ठरवून दिलं.

टोपल्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यात माराव्यात तर तीही सोय नव्हती. आबांची टोपली बाजारातल्या टोपलीसारखी गोल गरगरीत नसे. फळं तोडणाऱ्या बायका टोपली कमरेवर घेतात, म्हणून कमरेला टेकणारी बाजू ते जरा आत दाबून विणत. त्या बाजूला ते कूस म्हणत. कूस डावी की उजवी हे ज्या त्या बाईवर. उंच बाईची टोपली खोल, बुटकीची पसरट. नवी बाई कामावर आली की सुनेने सुतळी धरायची, बाईच्या कोपरापासून मनगटापर्यंत आणि कमरेपासून काखेपर्यंत माप घ्यायचं आणि सुतळीला गाठी मारून आबांकडे द्यायची. चाळीस बायका, चाळीस सुतळ्या. कुठली कुणाची हे आबांना न पाहता सांगता येई.

"कुणासाठी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "काय भरणार?" आणि तिसरा कुशीचा. तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ते सुरीला हात लावत नसत. लग्न होऊन आली तेव्हा सुनेने एकदा सहज म्हटलं होतं, "आबा, एक टोपली करा ना घरात पडायला." त्यावर त्यांनी विचारलं होतं, "घरात कोण पडणार आहे तिच्यात?"

क्रेटची बातमी ऐकून आबा उठले. शेडमध्ये गेले, चाळीस टोपल्यांवर पोती पांघरली आणि बाहेर येऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांनी सुरीला धार लावली. दुसऱ्या दिवशीही लावली. तिसऱ्या दिवशी लावायला धार उरली नव्हती, तरी ते दगडावर सुरी फिरवत बसले. सून ते बघत होती. दोन वर्षांपूर्वी ताप येऊन ते पंधरा दिवस नुसते पडून होते, तेव्हा औषधाने नव्हे तर बांबूच्या कामट्या हातात दिल्यावर बरे झाले होते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिचा नवरा गवंडी. सकाळी जायचा, संध्याकाळी सिमेंटचे हात घेऊन यायचा. तो जेवताना म्हणाला, "ऑनलाइन टाका की. माझ्या साइटवरच्या बाईची भावजय कापडी बाहुल्या विकते मोबाइलवरून."

"कुठे टाकायचं पण? त्यातही शंभर प्रकार असतात म्हणे."

"ते झेरॉक्सवालीला विचार. तिला सगळं येतं, न येणारंही येतं."

झेरॉक्सवालीचं दुकान स्टँडसमोर होतं. एक मशीन, एक कंप्यूटर, एक बाक. सून आबांना घेऊन गेली. आबा बाकावर टोपी मांडीवर ठेवून, दवाखान्यात बसावं तसे बसले. झेरॉक्सवालीने बिघडलेल्या झेरॉक्सचा पाठकोरा कागद ओढला आणि पेनाने दोन चौकोन काढले.

"हे बघा आबा. हा मोठा बाजार. इथे गिऱ्हाईक आयतं आहे, तुम्ही नुसता माल मांडायचा. भाडं नाही, विकलं की त्यांचा वाटा कापून घेतात. आणि हे तुमचं स्वतःचं दुकान. दर महिन्याला भाडं. हवं तसं सजवा, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. माणूस तुम्हीच हाताला धरून आणायचा."

आबांनी दोन्ही चौकोन नीट पाहिले. "गिऱ्हाइकाला विचारता कुठे येतं?"

"काय विचारायचंय?"

"टोपली कुणासाठी. काय भरणार. कूस डावी की उजवी."

झेरॉक्सवालीला हसू आलं होतं, पण सुनेचा चेहरा बघून तिने ते गिळलं. "ते तुमच्या स्वतःच्या दुकानात येतं. तीन रकाने टाकून देते, त्यात गिऱ्हाइकाने उत्तरं लिहायची. मोठ्या बाजारात तसलं काही नाही. एक फोटो, एक माप, सगळा माल त्या फोटोसारखा. गिऱ्हाइकाचं नावसुद्धा तुम्हाला कळत नाही. नुसता नंबर येतो."

"मग हे," म्हणत आबांनी दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "जिथे विचारता येतं ते." त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. ते उठून समोरच्या नळावर पाणी प्यायला गेले.

ते गेल्यावर झेरॉक्सवाली खाली वाकून म्हणाली, "खरं सांगू का? तसल्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक यायला चार-सहा महिने जातात. मी तिघांची काढून दिली, दोन बंद पडली."

सुनेने रस्त्यापलीकडे पाहिलं. आबा ओंजळीने पाणी पीत होते आणि निम्मं शर्टावर सांडत होते. चार-सहा महिने हा माणूस दगडावर सुरी फिरवत बसला तर सुरी उरणार नाही, आणि माणूसही.

"मोठा बाजारच टाक," ती म्हणाली. "त्यांना मी सांगेन काय सांगायचं ते."

इतकंच झालं. पुढे कितीतरी वेळा तिने ते वाक्य मनातल्या मनात परत घेतलं, पण तोंडातून गेलेलं गेलं.

फोटोसाठी ती चाळिसातली एक टोपली घेऊन गेली. मोबाइल धरून झेरॉक्सवाली म्हणाली, "एका बाजूने चेपल्यासारखी दिसतेय गं. फिरव जरा." सुनेने टोपली फिरवली. कूस भिंतीकडे गेली आणि फोटोत टोपली अगदी गोल आली. त्या दुपारी दोघींपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी पहिली ऑर्डर आली. मोबाइल वाजला तेव्हा सून भांडी घासत होती. हात पदराला पुसत ती बाहेर आली. "आबा, आलं गिऱ्हाईक."

आबांनी सुरी उचलली नाही. "कुणासाठी?"

मोबाइलवर चौदा आकडे होते. सून त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शाळेतली बाई आहे एक."

"काय भरणार?"

"पोरांच्या वह्या. तपासायला घरी नेते."

"कुठल्या अंगावर घेते?"

"डाव्या. उजव्या हाताला छत्री असते."

आबांचा चेहरा उजळला. "उंचीने?"

"बुटकी आहे. फार बुटकी. आणि चालते भराभर."

ही बाई तिने हवेतून काढली नव्हती. तिच्या माहेरच्या शाळेतली बाई होती ती, वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून चालायची. आबांनी बांबू चिरायला घेतला. भिजलेलं पोतं गुडघ्यांवर टाकलं, कामट्या सोलल्या, जाड बाजूला, पातळ बाजूला. बूड धरताना ते एकदा थांबून म्हणाले, "वह्या म्हणजे कोपरे टोचणार. बूड दुपदरी करतो." दोन दिवसांत टोपली झाली. बुटक्या बाईची, पसरट, डाव्या कुशीची, आणि काठ असा घोटलेला की छत्रीच्या हाताला मध्येच पकडायची वेळ आली तरी बोचू नये. सुनेने ती खोक्यात भरली, वर नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि मनाशी म्हणाली, कूस असली जराशी तर कोण बघतंय.

मग ऑर्डरी येऊ लागल्या आणि ती माणसं देऊ लागली. माहेरचा पाववाला दिला. तिच्या आईची शेजारीण दिली, जिला सात महिन्यांचं पोट होतं आणि कमरेवर काही घेता येत नव्हतं. त्या टोपलीला आबांनी पाठीवर घ्यायला दोन कान केले. एकदा काही सुचेना म्हणून तिने एक मुलगी दिली, फुलं विकणारी, उजव्या पायाने अधू. ही मात्र कुठेच नव्हती. त्या टोपलीवर आबा चार दिवस बसले. अधू पायाकडे भार जाऊ नये म्हणून एका अंगाच्या कामट्या पातळ, दुसऱ्या अंगाच्या जाड. बोटं कापली तरी उठले नाहीत. संध्याकाळी गवंडी आला तर त्याला म्हणाले, "एवढीशी पोर, काय ओझी वाहते बघ. तिच्या घरी कुणी नाही का?"

गवंड्याने बायकोकडे पाहिलं. बायको चुलीशी वाकली.

आबांच्या अंगावर त्या दिवसांत मूठभर मांस चढलं, हे खरं सांगायला हवं. सकाळी हाक मारण्याआधी उठून बसलेले असायचे. जेवताना माणसांची चौकशी करायचे. "मास्तरणीचं काही आलं का गं?" "पाववाल्याला हलकी वाटली का जड?" आणि सून सांगायची, आवडली म्हणे, छान म्हणाली. खोटं बोलताना तिची जीभ अडखळायची थांबली, याची तिलाच पुढे जास्त लाज वाटली.

पहिली टोपली परत आली ती महिन्याच्या आत. खोक्यावर कारण छापलेलं होतं: फोटोप्रमाणे नाही. दुसरीवर होतं, एका बाजूने चेपलेली. तिसरीवर, वाकडी, तोल जातो. दुपारी आबा जरा आडवे झाले की खोकी देणारा यायचा, हे नशीब. सून खोकं फोडायची, टोपली शेडमध्ये न्यायची, पोतं उचलून चाळीस टोपल्यांच्या मागे ठेवायची आणि पोतं पुन्हा ओढायची. चार झाल्या, सहा झाल्या. मोठ्या बाजारातून इशारा आला की असंच चाललं तर तुमचा माल मागच्या पानांवर टाकू. ती झेरॉक्सवालीकडे धावली.

"गोल करायला सांग त्यांना," झेरॉक्सवाली म्हणाली. "सोपं तर आहे."

"गोल कुणासाठी, विचारतील."

झेरॉक्सवालीने मशीनमध्ये कागद भरायला घेतले.

पुढे झालं ते पत्र्याच्या एका भोकामुळे. रात्रभर पाऊस झाला आणि शेडमध्ये गळलं. सून बाजारात गेली होती. चाळीस टोपल्या भिजतील म्हणून आबा एकटेच त्या हलवायला गेले. ती परतली तेव्हा आबा शेडच्या दारात जमिनीवर बसले होते आणि पुढ्यात सात टोपल्या ओळीने मांडल्या होत्या.

"ही मास्तरणीची," ते म्हणाले. "ही पाववाल्याची. ही त्या पोटुशीची, कान तसेच आहेत, दोरीसुद्धा ओवली नाही तिने." मग त्यांनी शेवटच्या टोपलीवर हात ठेवला. "आणि ही पोरीची."

सून पिशवी हातात धरून उभी राहिली. बोलायची वेळ तीच होती. त्याआधीही होती आणि त्यानंतरही आली, पण ती म्हणजे अगदी नेमकी वेळ होती.

"परत केल्या?" त्यांनी विचारलं.

"हो आबा."

"सगळ्यांनी?"

"नाही, सगळ्यांनी नाही. काहींनी ठेवल्या."

आबांनी मान हलवली. पोरीची टोपली उचलून त्यांनी स्वतःच्या कमरेवर घेतली, उजवा पाय ओढत अंगणात चार पावलं चालून पाहिलं, परत आले, पुन्हा चालले. त्यांचं चालणं बघवेना म्हणून ती घरात गेली.

त्या दिवसापासून आबा आपल्याच टोपल्या उसवू लागले. एक कामटी काढायची, उजेडात धरायची, बोटाने जाडी बघायची. चूक सापडत नव्हती, कारण चूक तिथे नव्हतीच. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळ्यांसमोर हात धरला आणि थरथरतो का ते पाहिलं. थरथरत नव्हता. पण असं हाताकडे बघत बसलं तर कुणाचाही हात थरथरायला लागेल, तसा तोही लागला.

"हात गेला माझा," ते गवंड्याला म्हणाले, अगदी साध्या आवाजात.

सुनेने नवऱ्याला मोरीपाशी गाठलं. "मी सांगून टाकते."

"काय सांगणार? की तीन महिने थापा मारल्या?" तो पाय धूत होता. "वय झालंय त्यांचं. एवीतेवी कधीतरी सोडणारच. हात गेला समजून सोडतील तर निदान शांतपणे सोडतील. तू उगाच घोळ घालू नकोस."

तिला ते पटलं नव्हतं. पण गप्प बसणं सोयीचं होतं, म्हणून पटल्यासारखं तिने केलं. आठ दिवस तिने तोंडाला कुलूप लावलं. त्या आठ दिवसांचा हिशेब तिला कुणी विचारला नाही, हे तिचं दुर्दैवच म्हणायचं.

नवव्या दिवशी सकाळी आबांनी सुरी धुतली, पुसली, तेलाचा हात फिरवला आणि चुलीपाशी येऊन बसून तिच्यापुढे धरली. "घे. आता तू करत जा. तुझा हात बरा आहे, मी बघितलंय."

सुरीची मूठ त्यांच्या पंजाच्या आकाराने झिजली होती. तिच्या हातात ती बसेना. मग तिच्याने राहवलं नाही.

"आबा, हात नाही गेला तुमचा." आणि तिने सगळं सांगितलं. दुसरा चौकोन नव्हे, पहिला. नंबर, फोटो, भिंतीकडे फिरवलेली कूस. चुलीवर दूध उतू गेलं तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ती फुलं विकणारी पोर?"

"नाही आबा."

"अधू नाही कुणी?"

"कुणीच नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "रोज वाटायचं, कसं जमत असेल तिला." त्यांनी खरोखरच सुटकेचा श्वास टाकला. सुनेला वाटलं, यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणि मास्तरीण?"

"ती होती. माझ्या शाळेत. वारली, दहा वर्षं झाली."

"मग छत्री खरी होती तिची."

"हो. छत्री खरी होती."

आबा उठले. सुरी तिच्याच हातात राहिली. दाराशी जाऊन ते वळून म्हणाले, "मी त्यांच्याशी बोलत बसायचो गं, विणताना." एवढं बोलून ते बाहेर गेले.

त्यानंतर टोपल्या सून विणू लागली. गोल, फोटोसारख्या, सगळ्या एका मापाच्या. आबा बांबू चिरून द्यायचे, कामट्या सोलून द्यायचे, भिजत घालायचे. हात शाबूत होता, काम चोख होतं. फक्त ते काही विचारत नव्हते. टोपल्या भराभर जायच्या आणि एकही परत यायची नाही. झेरॉक्सवाली म्हणाली, "बघ, जमलं की नाही." गवंडीही म्हणाला, जमलं. ते दोघं म्हणतात ते खोटं नव्हतं.

पण सुनेला चैन पडेना. ती एकटीच झेरॉक्सवालीकडे गेली आणि म्हणाली, दुसरं दुकान काढून दे. स्वतःचं. तीन रकान्यांचं. झेरॉक्सवालीने कंप्यूटर चालू केला. या वेळी फोटो कुशीच्या बाजूने काढला. एक महिना गेला, दोन गेले. सून रोज मोबाइल उघडून बघायची. पाच महिने दुकानात कुत्रंही फिरकलं नाही. झेरॉक्सवालीने तेव्हा सांगितलं होतं ते अक्षरशः खरं ठरत होतं, आणि तेव्हा आपण एवढी वाट का बघितली नाही हे सुनेला स्वतःला सांगता येत नव्हतं.

सहाव्या महिन्यात एका दुपारी उत्तरं आली. तिने उभ्याउभ्या वाचली, मग खाली बसून पुन्हा वाचली आणि पळतच अंगणात गेली. आबा कामटी सोलत होते.

"आबा, ऐका. खरं गिऱ्हाईक आहे. कुणासाठी, तर तिने लिहिलंय, माझ्यासाठीच. कपडे धुऊन गच्चीवर वाळत घालायला नेते, तीन जिने आहेत. आजारपणानंतर उजव्या हातात जोर राहिलेला नाही, म्हणून कूस डावी हवी. आणि उंची लिहिलीय, आणि विचारलंय की कठडा धरून चढताना टोपली पायाला लागणार नाही ना."

आबा ऐकत होते. ऐकताना त्यांची सुरी थांबली होती. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी आलं, आणि तिला वाटलं, विचारतील. कुठल्या बाजूचा कठडा, असं तरी विचारतील.

ते हसले. मायेने हसले. "छान सांगतेस गं," ते म्हणाले. "पण आता नको."

"आबा, हे खरं आहे. हे बघा, इथे लिहिलंय." तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. आबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी उजळलेल्या काचेकडे आदराने पाहिलं, जसं त्या दोन चौकोनांकडे पाहिलं होतं, आणि मोबाइल हळूच बाजूला सारला.

"तिचा नंबर आहे. फोन लावून देते, बोला तिच्याशी."

"नको पोरी. तू सांगशील ते कुणीतरी बोलेल. मी ऐकेन. मला ते खरं वाटेल." त्यांनी कामटी पुन्हा हातात घेतली. "माझ्यासाठी किती करतेस, मला कळत नाही का? जा, चहा ठेव."

तिने चहा ठेवला. चहा झाल्यावर भिजलेलं पोतं स्वतःच्या गुडघ्यांवर टाकून ती अंगणात बसली. बूड धरलं, चार फेरे चढवले. डावी कूस तिने आयुष्यात विणली नव्हती. कामट्या दाबल्या की भलतीकडेच वळत होत्या. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा बोट कापलं. मग आबांनी शेजारून हात लांब केला, तिच्या हातावरून कामटी आत दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने कुठून वळवायची ते दाखवलं. त्यांचा हात मुळीच थरथरत नव्हता.

"इथून," ते म्हणाले. "आणि काठ जरा वर घे, जिना असेल तर."

तिने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. आजारी पोराच्या खेळात मोठी माणसं सामील होतात, तशी तिची समजूत काढत होते. ती खाली मान घालून विणत राहिली आणि आबा तिला एकेक कामटी देत राहिले, जाड हवी तिथे जाड, पातळ हवी तिथे पातळ. टोपली तिसऱ्या दिवशी पूर्ण झाली. तिने ती खोक्यात भरली, वर त्या बाईचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, पत्त्यासकट, आणि ते खोकी नेणाऱ्याच्या हवाली केलं. आबा ओट्यावर बसून खोकं गेलं त्या बाजूला थोडा वेळ बघत होते. मग उद्याचा बांबू चिरायला उठले.